ट्रॉफी नेमकी कशासाठी? एका टेक्निकल स्कूलमधल्या गुणगौरवाचं प्रकरण

पार्श्वभूमी

करिअर-टेक्निकल शिक्षण देणारी एक मध्यम आकाराची शाळा. वेल्डिंग, मशीन शॉप, इलेक्ट्रिकल, ऑटो, नर्सिंग असिस्टंट, ब्युटी, किचन आणि कॉम्प्युटर-ग्राफिक्स असे ट्रेड. शिकणारे म्हणाल तर सोळा-सतरा वर्षांच्या पोरांपासून ते कामधंदा सांभाळून संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या चाळिशीतल्या माणसांपर्यंत सगळे. शाळेचं नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, बाकी घडलं तसं लिहितेय. कौतुक समितीची मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कोण काय म्हणालं ते बऱ्यापैकी कागदावर आहे.

दर वर्षाअखेर एक गुणगौरव सोहळा व्हायचा. सुरुवातीला छोटा होता म्हणे. मग देणगीदार आले, प्रत्येकाच्या नावाची एक ट्रॉफी आली, ट्रॉफी आली की ती द्यायला ते स्वतः स्टेजवर आले, स्टेजवर आले की दोन शब्द बोलणं आलं, आणि असं करत करत कार्यक्रम तीन तासांच्या वर गेला. विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक ट्रेडमध्ये पहिला नंबर, बाहेरच्या स्पर्धांमधले विजेते आणि शंभर टक्के हजेरी. स्टाफसाठी एक 'उत्कृष्ट शिक्षक' आणि पूर्ण हजेरीवाले. नॉन-टीचिंग स्टाफसाठी काहीच नाही. टूल स्टोअर सांभाळणारे काका, लॅब असिस्टंट, ऑफिसातल्या ताई हे सगळे त्या दिवशी खुर्च्या मोजायला आणि माइक चालतोय का बघायला.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. प्राचार्य मॅडमना मनापासून वाटायचं की आपली मुलं कुठेतरी चमकली पाहिजेत, कारण 'टेक्निकलला गेला' म्हणताना अजूनही लोक तोंड जरा वाकडं करतात आणि मुलांना ते दिसतं.

अडचण कुठे आली

ज्या वर्षाची गोष्ट आहे त्या वर्षी स्टेजवर मुख्यतः दोनच ट्रेड दिसले, कॉम्प्युटर-ग्राफिक्स आणि ऑटो. कारण सरळ आहे, त्यांच्यासाठी बाहेर स्पर्धा जास्त असतात, फी भरायची, टीम पाठवायची, काहीतरी हाताला लागतंच. नर्सिंग असिस्टंटच्या मुलींनी वर्षभर वॉर्डात पेशंट उचलले, वळवले, बीपी-पल्स-टेंपरेचर घेतलं, त्याची स्पर्धा कुठली? वेल्डिंगच्या एका मुलीने ६ जी पोझिशनची टेस्ट पास केली होती आणि तिचं नाव यादीत कुठेच नव्हतं, कारण त्यासाठी कॅटेगरीच नव्हती आणि लेखी परीक्षेत ती चौथी होती.

६ जी काय असतं ते माहीत नसणाऱ्यांसाठी, पाइप ४५ अंशात तिरका पक्का बसवलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं, खालून वरून आडवं उभं सगळं एकाच जॉबमध्ये, म्हणजे हातातल्या एकाच कामाच्या तुकड्यात, येतं. नंतर जोडाच्या पट्ट्या कापून यू आकारात वाकवतात आणि बाहेरच्या बाजूला साधारण ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की फेल. तिथे परीक्षकाला कोण आवडतं याला काही किंमत नाही. वेल्डिंगच्या सरांचं म्हणणं असं होतं की यापेक्षा स्वच्छ यश शाळेत दुसरं नाही आणि आपण ते पाहिलंच नाही. त्यांनी समितीचा राजीनामा दिला, चिठ्ठी दोन ओळींची, पण सगळ्या स्टाफरूममध्ये फिरली.

त्याच आठवड्यात अजून दोन गोष्टी बाहेर आल्या. ऑटोचा एक मुलगा शंभर टक्के हजेरीची ट्रॉफी घ्यायला गेला होता आणि त्याच्याच मित्रांनी हसत हसत सांगितलं की मधे दोन दिवस हा तापात आला होता, लिफ्टखाली उभा राहून काम करत होता, का तर रेकॉर्ड तुटायला नको. इन्स्ट्रक्टरच्या अंगावर काटा आला. गाडी डोक्यावर टांगलेली आणि खाली चक्कर येणारा पोरगा, याला आपण बक्षीस दिलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सोहळ्याचे फोटो शाळेच्या पेजवर नावानिशी टाकले गेले आणि एका अल्पवयीन विद्यार्थ्याच्या पालकांचा घाबरून फोन आला. त्या मुलाचा ठावठिकाणा एका विशिष्ट माणसाला कळता कामा नये अशी घरची परिस्थिती होती. ऑफिसला ते माहीत होतं, फोटो टाकणाऱ्याला नव्हतं. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर 'फोटो वापरण्यास हरकत नाही' अशी एक ओळ असते, त्यावर सगळ्यांच्या सह्या असतात, ही पण होती. फोटो लगेच काढले, पण तोपर्यंत शेअर झालेले.

म्हणजे प्रश्न 'कार्यक्रम लांबला' एवढाच नव्हता. कौतुक कशाचं करायचं, ते कुणी ठरवायचं, आणि ज्याचं करतोय त्याला ते हवंय का, हे तिन्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

समिती नव्याने बसली. प्राचार्य मॅडम, उपप्राचार्य सर, नर्सिंगच्या मॅडम, मशीन शॉपचे सर, दोन विद्यार्थी प्रतिनिधी (एक दिवसाच्या बॅचची, एक संध्याकाळचा), आणि नर्सिंगच्या मॅडमनी हट्टाने आणलेले स्टोअरचे काका. वेल्डिंगचे सर सुरुवातीला आले नाहीत.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: आहे तेच ठेवा, भाषणं कापा, वेल्डिंगची एक कॅटेगरी वाढवा. उपप्राचार्य सर याच्या बाजूने होते. मला तो पर्याय फार वाईट वाटत नव्हता खरं तर, पण कॅटेगरी वाढवत गेलं की पुढच्या वर्षी किचनवाले येणार, त्याच्या पुढच्या वर्षी ब्युटीवाले, आणि तीन तासांचे चार होणार.

दुसरा, सगळ्यांना सर्टिफिकेट. हा विद्यार्थी प्रतिनिधींनीच हाणून पाडला. संध्याकाळच्या बॅचचे दादा म्हणाले, सगळ्यांना देणार असाल तर मला नको, मी कामावरून सुट्टी टाकून ते घ्यायला येणार नाही.

तिसरा, व्होटिंग. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन फॉर्मवर उत्कृष्ट शिक्षक निवडायचा. ऐकायला लोकशाही वाटतं, पण कॉम्प्युटरच्या चार बॅच आणि मशीन शॉपची एक, म्हणजे निकाल आधीच लागलेला. शिवाय सेफ्टी गॉगल नाही म्हणून जॉब काढून घेणाऱ्या सरांना मत कोण देणार?

चौथा नर्सिंगच्या मॅडमचा: एक वर्ष काहीच करू नका. बघू तरी कुणाला काय चुकतंय. यावर चर्चा सगळ्यात जास्त वेळ चालली आणि मला वाटतं ती गरजेची होती, कारण सोहळा बंद केला तर कुणाचं काय अडेल हे तेव्हा पहिल्यांदा बोललं गेलं. देणगीदारांचं अडेल, हे लगेच निघालं. मुलांचं काय अडेल यावर टेबलाभोवती थोडी शांतता. मग दिवसाच्या बॅचची प्रतिनिधी म्हणाली की माझ्या आईने वर्कशॉप आतून एकदाच पाहिलंय, सोहळ्याच्या दिवशी, येता येता. या एका वाक्याने चौथा पर्याय पडला.

पाचवा मशीन शॉपच्या सरांचा. नंबर काढायचेच नाहीत, प्रत्येक ट्रेडने एक पट्टी, म्हणजे किमान दर्जा, ठरवायची, ती जो ओलांडेल त्याचं नाव लागेल, एक असो की वीस. त्यांच्या भाषेत, गो-नो गो गेज (पीस मापात बसतो की नाही, एवढंच सांगणारं साधन) लावा आणि मोकळे व्हा. त्यांनी वर्ल्डस्किल्सचं उदाहरण दिलं. ही स्पर्धा १९५० मध्ये स्पेन आणि पोर्तुगालच्या तरुण कारागिरांपासून सुरू झाली, आज वेल्डिंगपासून केशरचनेपर्यंत सगळे ट्रेड त्यात आहेत, २०२४ ला फ्रान्समधल्या लिऑनला ५९ स्किल्स होती. तिथे सुवर्ण-रौप्य-कांस्य आहेच, पण पदक हुकलेल्या पण ७०० गुणांचा टप्पा गाठलेल्या प्रत्येकाला वेगळं मेडॅलियन मिळतं. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा सुद्धा नुसत्या नंबरावर थांबत नाही, हा त्यांचा मुद्दा.

मधे एक बैठक अभ्यासावर गेली. नर्सिंगच्या मॅडमनी तीन पेपर वाचून आणले होते आणि ते इथे सांगण्यासारखे आहेत, कारण निर्णय थोडाफार त्यांच्यावर फिरला.

पहिला हजेरीच्या बक्षिसांवरचा, कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा, २०२१ चा. अमेरिकेतले १४ स्कूल डिस्ट्रिक्ट, १५ हजारांवर विद्यार्थी. 'पुढच्या महिन्यात पूर्ण हजेरी लावाल तर अवॉर्ड मिळेल' असं आधी सांगितलेल्यांवर काही फरक नाही. आधी न सांगता मागच्या हजेरीसाठी अचानक अवॉर्ड दिलेल्यांची हजेरी नंतर कमी झाली. कारण असं दिसलं की अवॉर्ड मिळाल्यावर मुलांना वाटलं, अरे आपण इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय की.

दुसरा टिमथी गुबलर, इयन लार्किन आणि लामार पिअर्स यांचा, २०१६ चा, औद्योगिक लॉन्ड्रीच्या प्लांटमधला. हजेरीचं बक्षीस लावलं तर काही लोकांनी नियमातल्या पळवाटा शोधल्या, उशीर होणार असेल तर उशिरा येण्याऐवजी सरळ आजारी म्हणून कळवायचं म्हणजे रेकॉर्डला धक्का नाही, आणि जे आधीपासून वेळेवर येत होते त्यांचंच काम मंदावलं. हे वाचल्यावर ऑटोच्या मुलाची आठवण सगळ्यांना आली.

तिसरा मात्र आमच्या सोयीचा नव्हता, आणि म्हणूनच मॅडमनी तो आणला याचं मला कौतुक वाटतं. ख्रिस्टियाने ब्राडलर आणि सहकाऱ्यांचा, तोही २०१६ चा. डेटा एन्ट्रीच्या तात्पुरत्या कामावर घेतलेली तीनशेवर माणसं, आठ-आठच्या गटात. काही गटांत सगळ्यांना थँक-यू कार्ड, काहींत पहिल्या तिघांना, काहींत फक्त पहिल्याला. सगळ्यात जास्त फरक पहिल्या तिघांना देण्याने पडला, आणि काम वाढलं ते मुख्यतः ज्यांना कार्ड मिळालं नाही त्यांचं. म्हणजे थोडंसं दुर्मीळ असणं कौतुकाला लागतं. 'सगळ्यांना द्या' हा पर्याय इथे दुसऱ्यांदा मेला, आणि पट्टीवाल्या पर्यायासमोर पण प्रश्न उभा राहिला, पट्टी इतकी खाली नको की सगळेच सहज पलीकडे.

काय ठरलं आणि काय केलं

पाचवा पर्याय, एका सत्रापुरता, ट्रायल म्हणून. सोहळा राहणार पण तासाभरात संपणार, आणि स्टेजऐवजी वर्कशॉपमध्ये. पाहुणे एका ट्रेडमधून दुसऱ्या ट्रेडमध्ये फिरणार, जॉब टेबलावर मांडलेला, शेजारी तो करणारा उभा, विचारलं तर सांगणार. संध्याकाळच्या बॅचसाठी हेच वेगळ्या दिवशी, त्यांच्याच वेळेत, प्रॅक्टिकल रद्द न करता.

ऐकायला गोड आहे, पण प्रत्येक वळणावर कुणीतरी अडलं.

पट्टी ठरवणं. वेल्डिंगला सोपं, टेस्ट बाहेरची, प्रमाण ठरलेलं. मशीन शॉपने ठरवलं की ड्रॉइंगवरून एक जॉब, सगळी मापं टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या आत, पहिलाच पीस, रिवर्क नाही. इलेक्ट्रिकलने फॉल्ट शोधायचं ठेवलं, पॅनेलमध्ये सरांनी लपवलेले फॉल्ट ठरलेल्या वेळात शोधायचे आणि आधी सप्लाय बंद करून टॅग लावला नाही तर तिथेच बाद. हे मला फार आवडलं, कारण बाकीच्या बक्षिसांमध्ये सेफ्टी हा विषय भाषणात असतो, इथे तो पट्टीतच होता. नर्सिंगने स्किल चेकलिस्ट घेतली. ब्युटी आणि ग्राफिक्सला मात्र घाम फुटला. चांगला हेअरकट कोणता, चांगलं पोस्टर कोणतं? ब्युटीच्या मॅडम म्हणाल्या की मी गुण देऊ शकते पण मिलिमीटर देऊ शकत नाही, आणि मशीन शॉपचे सर हसले, ते त्यांनी हसायला नको होतं. ती बैठक तिथेच मोडली. शेवटी या दोन ट्रेडपुरतं असं ठरलं की त्याच कामातला बाहेरचा एक माणूस आणि शाळेतली एक इन्स्ट्रक्टर असे दोघं नाव न बघता वेगवेगळं पाहतील, दोघांचं जमलं तरच नाव लागेल.

हजेरी. स्टाफची पूर्ण हजेरी लगेच बंद झाली, कुणी रडलं नाही. विद्यार्थ्यांच्या हजेरीवर उपप्राचार्य सर अडून बसले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, कंपनीवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, पोरगं वेळेवर येतं का. तोड अशी निघाली की हजेरी ट्रॉफीतून काढायची आणि विद्यार्थ्याने मागितलं तर शिफारसपत्रात लिहून द्यायची, आजारपणाची कळवलेली रजा त्यातून वजा न करता. सर म्हणाले, बघू.

स्टाफचं कौतुक. इथे आम्हाला वाटलं होतं 'उत्कृष्ट शिक्षक' बंद केलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतील. तसं झालं नाही. किचनच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, मला दोन वर्षांपूर्वी ते मिळालं होतं आणि प्रमोशनच्या फाइलला तो एक कागद लागला होता, तुम्ही तो काढून घेताय आणि बदल्यात टाळ्या देताय. याला उत्तर नव्हतं. मग असं केलं की किताब नाही, पण केलेलं काम नेमकं लिहिलेलं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, फाइलला लावता येईल असं. 'समर्पित वृत्तीने सेवा' छाप वाक्यांना बंदी. लिहायचं तर असं: ड्रिलिंगसाठी नवीन जिग (ड्रिल नेमक्या जागी धरणारा साचा) बनवला, त्यामुळे पहिल्या सत्रातली मुलं भोकाचं सेंटर चुकवत नाहीत. कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतो, शिक्षक असायची अट नाही.

पहिलं पत्र स्टोअरच्या काकांना गेलं. त्यांनी टूलच्या जागेवर त्या टूलची आकृती रंगवली होती, रिकामी आकृती दिसली की कळतं काय परत आलेलं नाही, आणि मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, कधी गेला त्याचं स्वतःच एक रजिस्टर ठेवलं होतं. मशीन शॉपच्या टॉलरन्सच्या पट्टीला त्या रजिस्टरशिवाय अर्थच नव्हता, माप घ्यायचं साधनच चुकीचं असेल तर कसली टॉलरन्स. गंमत म्हणजे नाव सुचवलं होतं एका विद्यार्थ्याने.

नर्सिंगचा तिढा वेगळा होता. त्यांच्या यशाच्या गोष्टीत नेहमी एक पेशंट असतो. एका मुलीने एका आजोबांचा श्वास बिघडतोय हे वेळेत ओळखून सिस्टरना बोलावलं होतं, सांगायला जबरदस्त गोष्ट, पण सांगायची कशी? नाव न घेता सुद्धा वॉर्ड, दिवस, आजार एवढं बोललं की ओळख पटते. मॅडमनी ती गोष्ट बाहेर न्यायला सपशेल नकार दिला. मुलीचं नाव चेकलिस्टवरच लागलं, आणि वॉर्डातल्या सिस्टरनी ड्युटी बदलताना सगळ्यांसमोर तिला जे सांगायचं ते सांगितलं. बाहेर कुणालाच काही कळलं नाही. प्राचार्य मॅडमना हे जड गेलं.

आणि ६ जी वाली मुलगी. प्राचार्य मॅडमच्या डोक्यात मोठं पोस्टर होतं, हेल्मेट हातात, खाली 'शाळेतली पहिली मुलगी'. तिला विचारलं (हे विचारणं हाच मोठा बदल, खरं सांगायचं तर) तर ती म्हणाली फोटो नको, पहिली मुलगी वगैरे पण नको, वाकवलेल्या पट्ट्या भिंतीवर लावा. आणि एक अट घातली, पहिल्या वेळेला फेल झालेल्या पट्ट्या पण शेजारी लावायच्या. त्या तिने जपून ठेवल्या होत्या. त्यावर वाद. फेल झालेला जोड भिंतीवर, कंपनीवाले आल्यावर काय म्हणतील? इथे वेल्डिंगचे सर परत आले, फक्त या एका मुद्द्यासाठी, आणि म्हणाले की ज्याने कधी फेल पट्टी पाहिली नाही तो पास पट्टी ओळखणार कशी. पट्ट्या लागल्या. इतरांना मात्र तसं करायची सक्ती ठेवली नाही, आणि बहुतेकांनी फेल पीस लावला नाही, तेही ठीकच.

फोटोचा फॉर्म बदलला. एकदाच सही करून कायमची परवानगी हा प्रकार बंद. प्रत्येक वेळी वेगळं विचारायचं: फोटो चालेल का, नाव चालेल का, ऑनलाइन चालेल का की फक्त शाळेत. तिन्हींना वेगळा चौकोन. अल्पवयीन असेल तर पालकांची सही. आणि ज्यांची माहिती बाहेर जाऊच नये अशांची यादी ऑफिसात, कारण न लिहिता. पोस्ट टाकणाऱ्याने आधी ऑफिसातल्या ताईंना दाखवायचं, त्या हो किंवा नाही एवढंच सांगणार.

काय निघालं

वर्कशॉपमधला कार्यक्रम तासात संपला नाही, दीड-पावणेदोन लागले, पण कंटाळून लांबला नाही. लोक लेथपाशी रेंगाळत होते. पालक जॉब हातात घेऊन बघत होते आणि मुलं समजावून सांगत होती, ज्या पोरांना वर्गात दोन वाक्यं बोलता येत नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो ती सुद्धा. एका कंपनीचे सुपरवायझर फेल पट्ट्यांपाशी थांबले आणि रूट पासमध्ये (जोडाच्या तळाशी घातलेला वेल्डचा पहिला थर) काय चुकलं होतं यावर त्या मुलीशी बोलत बसले, तिला तिथल्या तिथे नोकरी-बिकरी लागली नाही, पण बोलणं दोन कारागिरांचं होतं.

आठही ट्रेडमधून नावं आली. इलेक्ट्रिकलमधून तर जवळपास अख्खी बॅच. लगेच कुजबुज, पट्टी खाली आहे, वर न्या. मशीन शॉपच्या सरांनीच सांगितलं की सत्राच्या मधे गेज बदलत नाहीत, पुढच्या सत्राला बघू. आणि इलेक्ट्रिकलच्या सरांनी त्या फॉल्ट-फाइंडिंगवर वर्षभर मुलांना घासलं होतं, त्याची शिक्षा मुलांना का?

आता दुसरी बाजू. कॉम्प्युटर-ग्राफिक्सचे लोक दुखावले. त्यांच्या मुलांनी खरोखर स्पर्धा जिंकली होती, रात्री जागून, आणि आता त्यांचं नाव पट्टी ओलांडलेल्या बाकीच्यांच्याच यादीत, त्याच अक्षरात. एका मुलीने विचारलं, जिंकणं आता वाईट आहे का? समितीने घाईघाईने स्पर्धेच्या विजेत्यांची वेगळी पाटी लावली, ती कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, आणि तसं ते दिसत होतं.

एका देणगीदाराने ट्रॉफीचे पैसे बंद केले. त्यांना स्टेज नाही, फोटो नाही, मग कशाला, असं त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. दुसऱ्यांनी मात्र त्याच रकमेतून वेल्डिंगच्या टेस्टची फी भरायला सुरुवात केली, ज्यांना फी परवडत नाही म्हणून टेस्टच देता येत नव्हती अशांची.

स्टाफच्या पत्रांसाठी सुचवण्या पहिल्या महिन्यात भरपूर आल्या आणि मग आटल्या. फॉर्म दोन पानी होता, 'संस्थेच्या उद्दिष्टांशी सुसंगती' वगैरे रकाने. कोण भरणार? तीन ओळींचा केला: कोण, काय केलं, त्याने कुणाचं काय सोपं झालं. परत यायला लागल्या. पण पत्रं टाइप करायचं काम सगळं ऑफिसातल्या एका ताईंवर पडलं, आणि त्यांचं नाव सुचवायचं कुणाच्या लक्षात आलं ते बऱ्याच उशिरा.

परत करायचं झालं तर

देणगीदारांशी आधी बोलायला हवं होतं. त्यांना निमंत्रणपत्रिकेवरून कळलं की स्टेज नाहीये, हे अगदीच रुक्ष झालं. टेस्ट फीची कल्पना ज्यांनी स्वीकारली ते स्वतःहून आले होते, आधी विचारलं असतं तर कदाचित दुसरेही राहिले असते.

स्पर्धा जिंकणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून मांडणीत जागा हवी होती. पट्टी आणि नंबर एकमेकांच्या विरोधात आहेत असं समितीने न बोलता धरून टाकलं, वर्ल्डस्किल्समध्ये दोन्ही शेजारी शेजारी नांदतात हे आमच्याच टेबलावर सांगून झालेलं असताना.

पट्ट्या ठरवायला एकाच वेळी आठही ट्रेड घ्यायला नको होते. ज्यांच्याकडे बाहेरचं प्रमाण तयार आहे ते आधी, आणि ब्युटी-ग्राफिक्सला एक सत्र जास्त. घाईत झालेल्या त्या बैठकीमुळे ब्युटीच्या मॅडम अजून मशीन शॉपच्या सरांशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

परवानगीच्या फॉर्मबद्दल मला काहीच बदलायचं नाही, फक्त तो आधी यायला हवा होता. तीन चौकोनांपैकी 'फक्त शाळेत' यावर खूण करणारे बरेच निघाले, म्हणजे इतकी वर्षं आपण त्यांचे फोटो सरसकट टाकत होतो.

सध्याची स्थिती अशी की ट्रायल अजून एका सत्राला वाढवली आहे. इलेक्ट्रिकलची पट्टी सरांनी स्वतःहून अवघड केली, फॉल्ट वाढवले, वेळ तीच. ब्युटीसाठी बाहेरून येणाऱ्या परीक्षक ठरल्या आहेत पण तारीख जुळत नाहीये. वेल्डिंगचे सर समितीत परत आले, लेखी नाही, नुसते येऊन बसायला लागले. आणि पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर पहिलाच विषय उपप्राचार्य सरांचा आहे, हजेरीची ट्रॉफी परत सुरू करणे.